आल्याच्या रसापासून त्वचेपर्यंत : रायपूरमधला एक दिवस

पहाटे 5.30

जेठ महिन्यात रायपूरला नाजूक कामं ऊन चढायच्या आत उरकावी लागतात. दुपारी पारा 44 अंशांवर जातो आणि आमचा सगळा व्यवहार अशा कणांशी, ज्यांना उष्णता मानवत नाही. म्हणून दिवस सुरू होतो तो शास्त्री बाजारात. आलं निवडायचं ते घट्ट, बुरशीचा डाग नसलेलं, एकाच शेतातून आलेलं. विक्रेत्याला गावाचं नाव विचारून वहीत टिपते, कारण आल्यावर कोणतं कीटकनाशक मारलं गेलं असेल याचा माग तिथूनच लागतो. रसात उतरलेलं कीटकनाशक पुढे सीरममध्येही उतरू शकतं. त्वचेची सुरक्षितता कारखान्याच्या कितीतरी आधी, इथे गोणीपाशी ठरायला लागते.

मी फार्मसी शिकलेली. सौंदर्यप्रसाधनांच्या एका लहान प्रयोगशाळेत वनस्पतीजन्य पुटिकांवर काम करते. घर तात्यापाऱ्यात, नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इकडे स्थिरावलेल्या मराठी वस्तीत. घरात मराठी, बाजारात छत्तीसगढी, प्रयोगशाळेत हिंदी.

सकाळी 7.00

आलं धुऊन, साल काढून, थंड बफरमध्ये वाटायला घेतलं आहे. माझी सहकारी, धमतरीकडची मुलगी, मलमलीतून रस गाळते. या पिवळसर रसातच आमचा माल आहे, पण तो डोळ्यांना दिसत नाही.

पुटिका म्हणजे स्निग्धाच्या दुहेरी पापुद्र्याची अतिसूक्ष्म पिशवी. आकार साधारण 50 ते काही शे नॅनोमीटर. आत प्रथिनं, स्निग्धं, आरएनएचे तुकडे आणि त्या त्या वनस्पतीची रसायनं असतात. आल्याच्या पुटिकांत जिंजेरॉल आणि शोगाओल सापडतात. वनस्पती या पिशव्या आपल्यासाठी बनवत नाही, त्या तिच्या स्वतःच्या कामाच्या असतात. 1967 मध्ये हॅल्परिन आणि जेन्सन यांनी गाजराच्या पेशींत अशा पिशव्या पेशीबाहेर पडताना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. 2018 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हेलिंग जिन यांच्या गटाने दाखवलं की, बुरशीचा हल्ला झाला की वनस्पती याच पिशव्यांतून आरएनए पाठवून बुरशीची जनुकं दाबते. म्हणजे एका सजीवाचा संदेश दुसऱ्या सजीवाच्या पेशीत नेणारं हे साधन आहे. त्वचेच्या अभ्यासकांना त्याची भुरळ पडली ती इथेच.

मात्र पानाच्या पेशींमधल्या मोकळ्या जागेतून अलगद काढलेल्या पुटिका आणि मिक्सरमध्ये वाटून मिळालेल्या पुटिका एक नव्हेत. वाटताना पेशी फुटतात, आतले पापुद्रे तुटून पुन्हा गोल मिटतात आणि तेही मालात मिसळतात. पुटिकांच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची 2023 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की, पेशीत तो कण कुठून निघाला हे सिद्ध केल्याशिवाय त्याला ‘एक्झोसोम’ म्हणू नये. आमच्या वहीत म्हणून फक्त ‘आल्याच्या पुटिका’ असंच लिहिलेलं असतं.

सकाळी 8.00

सेंट्रिफ्यूजची पाळी. आधी मंद फेरी, त्यात तंतू आणि स्टार्च तळाशी बसतात. मग जलद, मग गुरुत्वाच्या दहा हजार पटीने. दर फेरीला वरचा निवळ रस घ्यायचा, गाळ टाकायचा. मोठ्या संस्थांत यापुढची पायरी अल्ट्रासेंट्रिफ्यूजवर होते, गुरुत्वाच्या एक लाख पटीने. ते यंत्र लहान प्रयोगशाळेच्या आवाक्यातलं नाही.

आमच्यासारख्यांना वाट दाखवली ती म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने. 2020 मध्ये तिथल्या संशोधकांनी आल्याच्या पुटिका पीईजी-6000 हा पॉलिमर वापरून साकळवल्या आणि 60 ते 90 टक्क्यांपर्यंत पुटिका परत मिळवल्या. स्वस्त, सोपी आणि भारतात उभी राहिलेली पद्धत. आजच्या रसात पीईजी मिसळून त्या नळ्या रात्रभर चार अंशांवर राहतील. कालच्या नळ्या बाहेर काढून फिरवल्या की तळाशी फिकट थर धरतो. तो अगदी थोड्या बफरमध्ये अलगद सुटा करायचा. जोराने पिपेट मारला तर पापुद्रे फाटतात.

सकाळी 10.00

आता तपासणी. आज दिवसभरातला सर्वांत मोलाचा तास हाच.

पहिलं मोजमाप आकाराचं. लेझरच्या प्रकाशात कण किती थरथरतात यावरून यंत्र सरासरी आकार सांगतं. आकडा चांगला आला म्हणून थांबायचं नाही, कारण हे यंत्र पुटिका आणि प्रथिनाची गुठळी यांत भेद करत नाही. म्हणून त्याच नमुन्याच्या एका भागात ट्रायटन हे डिटर्जंट घालते आणि पुन्हा मोजते. खऱ्या पुटिका असतील तर त्यांचा स्निग्ध पापुद्रा विरघळतो आणि कण जवळपास नाहीसे होतात. कण जसेच्या तसे राहिले, तर आपण ज्याला पुटिका समजत होतो त्या गुठळ्या होत्या.

सहकारी विचारते, “दीदी, बाटलीवर अब्जावधी लिहितात, ते कसं मोजतात?”

“कण मोजतात. त्यातल्या पुटिका किती, ते वेगळं सिद्ध करावं लागतं.”

“हव,” ती म्हणते आणि ट्रायटनचा आकडा लाल शाईने लिहिते.

याच चाचणीत ग्राहकाच्या कामाचं एक सत्य आहे. डिटर्जंटने पुटिका फुटते. फेसवॉशमध्ये डिटर्जंटच असतात आणि तो मिनिटभरात धुऊन टाकायचा असतो. ‘पुटिकायुक्त’ फेसवॉशला जास्त पैसे मोजण्यात काही अर्थ नाही.

सकाळी 11.30

सूक्ष्मजीवांच्या थाळ्या पाहायच्या. वनस्पतीचा रस म्हणजे जिवाणूंना आयतं अन्न. त्यात पुटिकांना उकळता येत नाही आणि कडक परिरक्षकही घालता येत नाहीत, कारण बरीच परिरक्षकं जिवाणूंच्या पापुद्र्यावरच घाव घालतात आणि पुटिकेचा पापुद्राही त्याच जातीचा. भारतीय मानकानुसार त्वचेच्या क्रीममध्ये दर ग्रॅममागे 1000 पेक्षा जास्त सूक्ष्मजीव चालत नाहीत. सौंदर्यप्रसाधनांसाठीच्या नियमांत शिसं आणि आर्सेनिकलाही मर्यादा आहेत. नुसतं वनस्पतीपासून आलं आहे म्हणून या चाचण्यांतून सूट मिळत नाही, मिळायलाही नको.

वनस्पतीजन्य म्हणजे निर्धोक, ही समजूत छत्तीसगढच्या माणसाने तरी बाळगू नये. आपल्या जंगलात बिब्बा आहे, इथले लोक त्याला भेलवा म्हणतात. हरेलीच्या सणाला त्याच्या फांद्या शेतात रोवतात, आणि त्याच बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की कातडी फोडांनी भरून येते. निसर्ग औषधही देतो, दाहही देतो. कोणत्या वनस्पतीतून काय घेतलं, किती घेतलं आणि कुठे लावलं, यावर सगळं ठरतं.

दुपारी 1.00

बाहेर रस्ते ओस पडले आहेत. सहकारिणीच्या डब्यात बोरे बासी आहे, कांदा आणि चटणीबरोबर. माझ्याकडे पोळीभाजी. जेवताना आम्ही छापील शोधनिबंध वाचतो, हा इथला नेम आहे.

आजची गड्डी रायपूरचीच. पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठाच्या फार्मसी संस्थेत हर्बल प्रसाधनांवर अनेक वर्षं काम झालं आहे. 2010 मध्ये चंचल दीप कौर आणि स्वर्णलता सराफ यांनी तेलांचा सूर्यसंरक्षक अंक प्रयोगशाळेत मोजला. ऑलिव्ह आणि खोबरेल तेलाचा अंक सातच्या थोडा वर, तिळाच्या तेलाचा दोनच्याही खाली आला. तेल अल्कोहोलमध्ये विरघळवून प्रकाशमापकात घेतलेली ती मोजणी होती आणि निबंधाच्या शीर्षकातच ती शरीराबाहेरची असल्याचं लिहिलं आहे. लोकांनी मात्र आकडा तेवढा उचलला आणि खोबरेल तेल लावून उन्हात जायला सुरुवात केली. काचेच्या नळीतला आकडा थेट चेहऱ्यावर नेता येत नाही, हा धडा मी पुटिकांवर काम करताना रोज स्वतःला ऐकवते.

याच संस्थेतल्या संशोधकांनी 2011 मध्ये हळदीचा अर्क लायपोसोम, इथोसोम आणि ट्रान्सफरसोम अशा कृत्रिम पुटिकांत भरून क्रीममध्ये घातला आणि स्वयंसेवकांच्या त्वचेवर त्याचा परिणाम पाहिला. आमच्या विषयाचं जवळचं घराणं हेच. फरक एवढा की, त्या पुटिका माणसाने ठरवून बनवलेल्या. कोणतं स्निग्ध, किती अर्क, सगळं माहीत. लायपोसोम असलेलं पहिलं मोठं प्रसाधन 1986 मध्ये पॅरिसच्या दिओर कंपनीने आणलं, म्हणजे कृत्रिम पुटिकांच्या गाठीशी त्वचेवरचा चार दशकांचा अनुभव आहे. वनस्पतीच्या स्वतःच्या पुटिकांकडे तेवढी पुंजी अजून जमलेली नाही.

दुपारी 2.30

उन्हाचा सर्वांत वाईट काळ. एका उत्पादकाचे नमुने कुरिअरने आले आहेत. पेटीतला बर्फ वितळून पाणी झालं आहे. बाटल्या हाताला गरम लागतात. मोजल्यावर दिसतं की कण एकमेकांना चिकटून आकार कैक पटींनी वाढला आहे. पुटिका द्रवरूपात टिकवायच्या तर थंडावा हवा. पुन्हापुन्हा गोठवून वितळवल्या तरी पापुद्रे फुटतात, म्हणून सलग उणे 80 अंशांवरची साठवण किंवा ट्रेहॅलोजसारखी शर्करा घालून केलेली शुष्कन प्रक्रिया लागते. दुकानाच्या फळीवर जेठाच्या उन्हात उभ्या असलेल्या पारदर्शक बाटलीत पुटिका शाबूत असतील, हे उत्पादकाने आकड्यांनी दाखवायला हवं. मी नमुना नापास करते आणि कारण स्पष्ट लिहिते. चिकटलेल्या पुटिका बहुधा कुणाला इजा करणार नाहीत, पण घेणाऱ्याच्या पदरी काहीच पडणार नाही.

दुपारी 4.00

चौबे कॉलनीत एका त्वचारोगतज्ज्ञ ताईंकडे. आचारसमितीची परवानगी आणि लेखी संमती घेऊन काही स्वयंसेवकांच्या पाठीवर आमच्या पुटिकांचे पॅच लावले आहेत. 48 तासांनी पट्टी काढून पहिलं वाचन, 96 तासांनी दुसरं. घामाने पट्ट्या सुटू नयेत म्हणून उन्हाळ्यात दिवसभर थंड खोलीत काम करणाऱ्यांनाच निवडलं आहे.

ताई भिंगातून पाहतात. “इथे काही नाही. इथेही नाही. या बाईंच्या पाठीवर मात्र लाली आहे, थोडी सूजही.”

ती लाली आल्याची. मोकळं जिंजेरॉल आणि शोगाओल तिखट असतात, ती धुऊन पुरती निघाली नाहीत तर त्वचा चुरचुरते. याखेरीज वनस्पतींतली काही प्रथिनं खरी अॅलर्जी आणू शकतात, आणि ती पुटिकांना चिकटून येऊ शकतात. लाली चुरचुरीची की अॅलर्जीची, ते दुसऱ्या वाचनात कळेल. चुरचुर ओसरू लागते, अॅलर्जी वाढते.

बाहेरच्या बाकावर बसलेल्या मावशी विचारतात, “ताई, मुलीने कोरियाचं सीरम मागवलंय. झाडाचं आहे म्हणते. वांगासाठी लावू का?”

ताई आधी त्यांचा चेहरा पाहतात. वांगासाठी मेडिकलमधून विचारून आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम त्या दीर्घकाळ लावत आल्या आहेत. कातडी पातळ, लालसर, बारीक शिरा दिसणारी. “मावशी, आधी ते मलम माझ्या सांगण्याप्रमाणे हळूहळू सोडवायचं. तोवर नवं काही नाही. सकाळी सनस्क्रीन, डोक्यावर पदर, चुलीची धग टाळायची. तुमच्या चेहऱ्याचं कुंपणच मोडलंय. आधी ते उभं करू.”

हे कुंपण म्हणजे त्वचेचा सर्वांत वरचा थर, जाडी अवघी 10 ते 20 मायक्रोमीटर. 2000 मध्ये बॉस आणि मेनार्डी यांनी मांडलेला नियम आजही धरला जातो : 500 डाल्टनपेक्षा जड रेणू हा थर सहसा ओलांडत नाही. पुटिका त्याहून लाखो पटींनी जड. धडधाकट त्वचेतून ती सबंध आत शिरते, असं मानायला पुरेसा आधार नाही. केसांच्या मुळांच्या वाटेने काही अंश उतरत असावा, काही पुटिका वरच फुटून आतलं द्रव्य सोडत असाव्यात. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावायचा. धडधाकट त्वचेवर लावलेल्या चांगल्या पुटिकांचा धोका कमी, आणि त्यांच्याकडून खोलवरच्या चमत्काराची अपेक्षाही कमी.

संध्याकाळी 5.30

मग फायदा कुठे आहे? ताईंच्या खोलीत चहा घेता घेता आम्ही हिशेब मांडतो.

पेशींच्या पातळीवर आशा खरी आहे. ग्रेपफ्रूटच्या आणि गव्हाच्या पुटिकांनी त्वचेच्या पेशी जखमेची फट लवकर भरताना दिसल्या. कोरफडीच्या सालीच्या पुटिकांनी ऑक्सिडीकरणाचा ताण कमी केला. डेंड्रोपॅनॅक्स या कोरियन झाडाच्या पुटिकांनी रंगद्रव्य बनण्याची गती मंदावली. जिनसेंगच्या पुटिकांनी पेशींच्या म्हातारपणाच्या खुणा घटल्या. हे सगळं बहुतांशी थाळीतल्या पेशींवर किंवा कृत्रिम त्वचेवर दिसलं. माणसांवरचे प्रयोग थोडे, लहान, आणि कित्येकदा सुया किंवा लेझरच्या जोडीने झालेले, त्यामुळे गुण कुणाचा ते सांगणं अवघड.

वनस्पतीच्या पुटिकांचा एक फायदा निर्विवाद आहे. मानवी ऊतींपासून काढलेल्या पुटिकांबरोबर येणारी विषाणूसंसर्गाची आणि दात्याची चिंता इथे नाही. युरोपीय संघाने प्रसाधनांत मानवी पेशी आणि ऊतींपासूनची द्रव्यं वापरायला बंदीच घातली आहे. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात मानवी उगमाच्या ‘एक्झोसोम’ उपचारांनंतर रुग्णांना गंभीर त्रास झाला आणि डिसेंबर 2019 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला. त्या तुलनेत आलं, कोरफड, ग्रेपफ्रूट हा शहाणपणाचा आरंभ आहे. पण आरंभच.

संध्याकाळी 7.00

प्रयोगशाळेत परतते तर एक पार्लरवाल्या ताई वाट पाहत बसलेल्या. नम्र, कष्टाळू बाई, चार मुलींना रोजगार देणाऱ्या. त्यांना आमच्या पुटिका हव्यात, मायक्रोनीडलिंगनंतर चेहऱ्यावर सोडायला. गिऱ्हाईक मागतं आहे, दुसरीकडे देतात, म्हणतात.

मी नाही म्हणते, आणि का ते सविस्तर सांगते. सुयांचा रोलर फिरला की त्वचेच्या कुंपणाला शेकडो भोकं पडतात. त्यानंतर जे लावाल ते थेट जिवंत पेशींत, रोगप्रतिकारक यंत्रणेच्या पुढ्यात जाऊन पडतं. 2014 मध्ये ‘जामा डर्मटॉलॉजी’त अमेरिकेतल्या तीन स्त्रियांची नोंद छापून आली. मायक्रोनीडलिंगच्या वेळी वरून लावायची साधी प्रसाधनं वापरली गेली आणि चेहऱ्यावर कडक गाठी उठल्या, काहींना अंगभर त्रास झाला. ती प्रसाधनं अखंड त्वचेवर लावण्यासाठीच बनवलेली होती. दर ग्रॅमला 1000 सूक्ष्मजीव चालतात तो निकषसुद्धा वरून लावण्यासाठीच आहे. सुईवाटे जाणाऱ्या द्रव्याला निर्जंतुकता हवी, जिवाणूविषाची तपासणी हवी, अॅलर्जीकारक प्रथिनांचा हिशेब हवा. आमच्या बाटलीला ती कसोटी लावलेली नाही, म्हणून ती सुईखाली देणार नाही.

“मग मी गिऱ्हाइकाला काय सांगू?”

“सांगा, सुया फिरवणं हे डॉक्टरचं काम. आणि त्यावर काय लावायचं तेही डॉक्टरच ठरवतील.”

त्या थोडा वेळ बसतात, पाणी पितात, आणि पत्रक मागून घेतात. आमच्या पत्रकात हीच ओळ मोठ्या अक्षरांत छापली आहे.

रात्री 9.00

शेवटचं काम वही. बॅच क्रमांक, आल्याचं गाव, कणांचा आकार ट्रायटनच्या आधी आणि नंतर, थाळ्यांवरची मोजणी, पाठीवरची लाली, नापास नमुना. भारतात 2014 पासून प्रसाधनांची चाचणी प्राण्यांवर करायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. त्यामुळे अशा नोंदी, पेशींवरच्या चाचण्या आणि संमतीने केलेल्या पॅच टेस्ट यांच्याच बळावर सुरक्षितता सिद्ध करावी लागते. सौंदर्यप्रसाधन नियम, 2020 खोटे किंवा दिशाभूल करणारे दावे करू देत नाहीत. तो नियम कागदावरून बाटलीवर उतरायचा तर त्याची सुरुवात आमच्या वहीतून व्हायला हवी.

दिवसभराच्या कामातून माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. नळीतली पुटिका, अखंड त्वचेवरची पुटिका आणि सुईने आत गेलेली पुटिका या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा गुण दुसरीच्या जाहिरातीत वापरू नये, आणि दुसरीची सुरक्षितता तिसरीच्या हवाली करू नये.

वाचकांना एवढीच विनंती. असं सीरम घ्यायचंच असेल तर बाटलीवर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वनस्पतीचं नाव, घटकांची पूर्ण यादी आणि वापराची मुदत पाहा. साठवणीचं तापमान लिहिलेलं नसेल तर विचारा. आधी हाताच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून बघा, मगच चेहऱ्याला. गर्भारपणात, एक्झिमा असताना किंवा स्टेरॉइड मलमाने चेहरा नाजूक झालेला असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. आणि कुणी सुया टोचून वरून ते सोडतो म्हणालं, तर सरळ नाही म्हणा.